शाईची पारख

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आठवडी बाजारात भाजी घ्यायला गेलो होतो. माझी एक ठरलेली भाजीवाली आहे. तिचा मुलगा माझ्या वर्गात शिकला, त्यामुळे ती मला गुरुजी म्हणते आणि मी तिला अक्का म्हणतो. दिवस कलला होता. पाटीत मेथीच्या चार-पाच जुड्या उरल्या होत्या. मला बघितल्याबरोबर अक्काने कनवटीची पाचशेची नोट काढली आणि म्हणाली, "गुरुजी, ही नोट जरा बघा बरं. मघा एक जण दोन जुड्या घिऊन, वरचे पैसे घिऊन गेला. तवापासून मला काय बरं वाटंना."

मी नोट हातात घेतली. उजवीकडे खालच्या बाजूला जो पाचशेचा आकडा असतो, तो नोट तिरपी केली की हिरव्याचा निळा व्हायला पाहिजे. या नोटेवरचा आकडा कसाही धरला तरी हिरवाच राहिला. मधल्या धाग्याचंही तेच. बोट फिरवून पाहिलं तर कागद कसा गुळगुळीत, वहीच्या कागदासारखा. मी म्हटलं, "अक्का, नोट खोटी आहे."

ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हंजे जुड्या बी गेल्या अन् सुट्टे बी गेले." शेजारचा कांदेवाला म्हणाला, "अंधार पडू दे अक्का, गर्दीत कुणाला तरी देऊन टाक. तुला कुणी दिली, तू बी दे." अक्काने माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या माणसाला त्या नजरेचा अर्थ बरोबर कळतो. तिला माझं मत हवं होतं, आणि तिच्या दिवसभराच्या कमाईची किंमत मोजून मला ते द्यायचं होतं.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. एका शाईचा रंग बदलला नाही म्हणून एका बाईची दिवसभराची मेहनत गेली. ही शाई आली कुठून? ती कुणासाठी बनवली? आणि ती ओळखायची जबाबदारी अक्कावर कधी आणि कशी येऊन पडली? निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो. मी वाचायला बसलो.

सुरुवात घरातूनच करतो. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत एक हाली रुपयाची नोट होती. तरुण वाचकांना हे शब्द माहीत नसतील म्हणून सांगतो. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा रुपया तो 'हाली' किंवा उस्मानिया सिक्का, आणि इंग्रजांचा रुपया तो 'कलदार'. सहा कलदार रुपयांना सात हाली रुपये, असा साधारण हिशोब. मीर उस्मान अली खान यांच्या नावाचा सिक्का आणि त्यांच्याच नावाचा आपला उस्मानाबाद जिल्हा. जिल्ह्याला धाराशिव हे नाव अधिकृतपणे मिळायला २०२३ साल उजाडलं. हाली रुपया मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९५९ साली, व्यवहारातून गेला.

आजोबांच्या पिढीला खरी सवय चांदीच्या रुपयाची. त्यावर चारमिनार असायचा. रुपया हातात आला की तो दगडावर टाकून वाजवून घ्यायचा. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. 'खणखणीत नाणं' हा शब्दप्रयोग आपण आजही माणसांबद्दल वापरतो, तो तिथूनच आला. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही परीक्षा कुणालाही करता येत होती. शाळेत न गेलेल्या माणसाला, डोळ्याला कमी दिसणाऱ्या म्हातारीलासुद्धा. रुपया खरा की खोटा हे सांगणारं यंत्र प्रत्येकाच्या कानात होतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. चांदीची टंचाई झाली. १९१८ साली हैदराबाद संस्थानाने चलनाचा कायदा करून कागदी नोटा काढल्या. आधी दहा आणि शंभराच्या, १९१९ साली एक आणि पाचच्या, आणि १९२६ साली हजाराची. या नोटा सुरुवातीला लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या कंपनीत छापून येत. नोटेवर उर्दूबरोबर मराठीतही किंमत लिहिलेली असे, कारण संस्थानात आपल्यासारखी मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी प्रजा होती.

कागद काही दगडावर वाजत नाही. तेव्हा पारख कानातून निघून डोळ्यात आली, आणि डोळ्याला दाखवायला उरली ती शाई.

या नोटांची एक विलक्षण गोष्ट आहे. १९२२ सालच्या मे महिन्यात 'इजिप्त' नावाची आगबोट लंडनहून मुंबईला निघाली. पोटात सोनं, चांदी आणि निजाम सरकारच्या नव्या कोऱ्या नोटा. २० मे रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात एका फ्रेंच जहाजाने तिला धडक दिली आणि ती बुडाली. ऐंशीच्या वर माणसं गेली. पुढे 'आर्तिल्यो' या इटालियन बोटीच्या पाणबुड्यांनी १९३० साली ती शोधून काढली, आणि १९३२ साली समुद्राच्या तळातून सोनं वर यायला लागलं. सोन्याबरोबर यंत्राच्या पंजात आमच्या हैदराबादच्या नोटाही वर आल्या. दहा वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही त्या वाचता येत होत्या. त्यातल्या काही आजही संग्राहकांकडे आहेत.

पण त्या नोटा चलन नव्हत्या. त्यांच्यावर अधिकाऱ्याची सही व्हायची राहिली होती. कागद खरा, छपाई खरी, शाईसुद्धा अस्सल, तरी पैसा नाही. मला ही गोष्ट फार विचार करायला लावणारी वाटते. नुसत्या शाईने पैसा होत नाही. शाई ही साक्षीदार आहे. तिच्या मागे कुणीतरी शब्द दिलेला असावा लागतो.

आता ही साक्ष देणारी शाई कशी तयार होत गेली ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नोटा बहुधा काळ्या शाईत छापत. तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कारागीर इतकी बारीक रेघ कोरत की नकल करणाऱ्याचा हात तिथे पोचत नसे. मग छायाचित्रण आलं आणि गणित बिघडलं. कॅमेऱ्याला हात कापण्याची भीती नाही. काळी रेघ कितीही बारीक असो, तो ती जशीच्या तशी उचलतो. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या रंगाची छटा छापली, तर भामटे ती छटा औषधाने धुऊन टाकत, उरलेल्या काळ्याचा फोटो काढत आणि रंग पुन्हा वरून छापत.

१८५७ च्या सुमारास कॅनडात यावर तोड निघाली. क्रोमियम या धातूच्या ऑक्साइडपासून एक हिरवी शाई बनवली. ती आम्लाला, अल्कलीला दाद देत नाही. ती काढायला जावं तर काळी शाईच आधी जाते. अमेरिकेने पुढच्याच दशकात आपल्या नोटांच्या पाठी हिरव्या केल्या, आणि त्यांच्या डॉलरला 'ग्रीनबॅक' हे नाव पडलं.

याच्या अगदी उलटा विचार इंग्लंडच्या डे ला रू कंपनीने केला. त्यांची अडचण वेगळी होती. लोक वापरलेल्या टपाल तिकिटावरचा शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरायचे. तेव्हा त्यांनी मुद्दाम कच्ची शाई बनवली. जांभळी आणि हिरवी. शिक्का पुसायला जावं तर तिकिटाचा रंगच वाहून जावा. म्हणजे एका शाईचं बळ तिच्या चिवटपणात आणि दुसरीचं तिच्या कच्चेपणात. भारताची टपाल तिकिटंही १८५५ पासून १९२५ पर्यंत हीच कंपनी लंडनला छापत होती.

१९२५ साली नाशिक रोडला सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, आणि तिकिटं, मुद्रांक तिथे छापले जाऊ लागले. १९२८ साली त्याच आवारात नोटांचा छापखाना आला. तोपर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानच्या नोटा बँक ऑफ इंग्लंडमधून छापून यायच्या. हैदराबादच्या नोटाही पुढे नाशिकलाच छापल्या जाऊ लागल्या. आमच्या ट्रंकेतली नोट त्यातलीच असावी. म्हणजे संस्थानाची आणि ब्रिटिश मुलखाची सीमा आमच्या गावांच्या शेजारून जात होती, पण दोन्हीकडचा पैसा एकाच मराठी गावात छापला जात होता.

आता चमकणाऱ्या शाईकडे वळतो. दुकानदार निळ्या दिव्याखाली नोट धरतो तेव्हा अंक एकदम उजळतात, धागे चमकतात, हे आपण पाहिलेलं आहे. या चमकीचा अभ्यास जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ साली मांडला. त्याने कोयनेलचं पाणी घेतलं. होय, हिवतापावरचं तेच कडू औषध! डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण त्यावर पडले की ते पाणी निळं उजळतं. किरणांची ऊर्जा रेणू गिळतो, त्यातली थोडी उष्णतेच्या रूपाने घालवतो आणि उरलेली प्रकाश म्हणून परत देतो. थोडी ऊर्जा वाटेत गेल्यामुळे परत आलेला प्रकाश मूळ किरणांपेक्षा वेगळा, आपल्या डोळ्याला दिसणारा असतो. फ्लुओराइट या खनिजावरून स्टोक्सने या गुणाला 'फ्लुओरेसन्स' नाव दिलं. मराठीत आपण प्रतिदीप्ती म्हणतो. काही पदार्थ दिवा बंद केल्यावरही थोडा वेळ उजळत राहतात, ती स्फुरदीप्ती. रात्री चमकणाऱ्या घड्याळाच्या काट्यांसारखी.

सुरुवातीला याचा मोठा उपयोग पारखीसाठी नाही, तर कामाच्या सोयीसाठी झाला. १९५९ साली ब्रिटनने टपाल तिकिटांवर अशा पदार्थाचे पट्टे छापले. त्यामुळे यंत्राला पाकिटाची तिकिटाची बाजू ओळखता येई आणि पत्रं आपोआप वेगळी होत. म्हणजे ही शाई जन्मली तीच यंत्राने वाचण्यासाठी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नोटेसाठी या शाईचं मर्म दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे कागद. बाजारातला पांढरा कागद अतिनील दिव्याखाली निळसर झळकतो, कारण तो जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घातलेलं असतं. नोटेचा कागद कापसाचा, त्यात ते रसायन नसतं. तो दिव्याखाली काळवंडलेला दिसतो, आणि त्या काळोखात शाईचे अंक उठून दिसतात. साध्या कागदावरची खोटी नोट दिव्याखाली सगळीच उजळते. गंमत म्हणजे तेच रसायन आपल्या कपड्याच्या पावडरमध्येही असतं. खिशात राहून धुतली गेलेली अस्सल नोटही मग दिव्याखाली चमकू लागते आणि बिचारीवर खोटेपणाचा आळ येतो.

दुसरी गोष्ट रसायनाची. आता या शायांमध्ये दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं वापरतात. युरोपियम लाल उजळतं, टर्बियम हिरवं. युरोच्या नोटांचा लाल प्रकाश युरोपियमचाच असावा, असं डच शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवलं. युरोच्या नोटेत युरोपियम, म्हणजे कुणीतरी रसायनशास्त्रज्ञ गालातल्या गालात हसला असणार!

आपल्याकडेही हे काम झालं आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने एक दुहेरी उजळणारी शाई तयार केली. २५४ नॅनोमीटर लांबीच्या अतिनील लहरी टाकल्या तर ती लाल दिसते, ३६५ च्या टाकल्या तर हिरवी. ती शाई एक किलो बनवून मध्य प्रदेशातल्या देवासच्या बँक नोट प्रेसकडे तपासायला दिली गेली, आणि वापरातल्या शाईच्या तोडीची ठरली. देवासला नोटांबरोबर अशा शायांचा कारखानाही आहे. एक किलो म्हणजे काय फार नाही. पण नोटेचा कागद, शाई, यंत्रं अशा कित्येक गोष्टी आपण वर्षानुवर्षं परदेशातून आणत आलो, हे लक्षात घेतलं तर त्या एका किलोचं मोल कळतं.

याच प्रयोगशाळेच्या एका शाईने माझीही बोटं रंगली आहेत. मतदानाची शाई! शिक्षकाला निवडणुकीचं काम चुकत नाही. किती वेळा मतदान केंद्रावर बसून मतदारांच्या डाव्या तर्जनीला ती काडी लावली, त्याचा हिशोब नाही. ती शाई चांदीची आहे. त्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीतल्या मिठाशी मिसळतं, उजेडात काळं पडतं आणि नख वाढून जाईपर्यंत निघत नाही. १९६२ च्या निवडणुकीपासून ती म्हैसूरच्या कारखान्यात बनते. कागदावर नाही, पण माणसाच्या बोटावर छापलेली ही सुरक्षेची खूणच. आणि ती ओळखायला यंत्र लागत नाही.

आता धातूच्या शाईचा दुसरा, जास्त हुशार प्रकार. सोनेरी अक्षरं आपण लग्नपत्रिकेवर पाहतो. त्यात बहुधा तांब्या-जस्ताचं, म्हणजे पितळेचं पूड असतं. चित्र काढणाऱ्या यंत्राला ही झळाळी उचलता येत नाही. सोनेरीच्या जागी मळकट पिवळा उमटतो. १९८०च्या दशकात रंगीत झेरॉक्स यंत्रं आली तेव्हा नोटा छापणारे पुन्हा घाबरले, जसे शंभर वर्षांपूर्वी कॅमेऱ्याला घाबरले होते. या वेळी उत्तर धातूने दिलं.

आपल्याकडे पैठणीत 'धूपछाव' रंग असतो. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. पदर हलला की रंग हलतो. पाण्यावर सांडलेल्या तेलाचे, साबणाच्या फुग्याचे रंगही असेच हलतात, पण त्यांचं कारण वेगळं. तिथे अतिशय पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशाचे किरण एकमेकांत मिसळतात. काही रंग एकमेकांना मारतात, काही एकमेकांना वाढवतात. कोन बदलला की थरातून जायचं अंतर बदलतं आणि रंगही बदलतो. हाच फुगा शास्त्रज्ञांनी धातूत पकडला. मध्ये अ‍ॅल्युमिनियम, त्याच्या दोन्ही बाजूंना मॅग्नेशियम फ्लोराइडचा पारदर्शक थर आणि त्यावर क्रोमियमचा अगदी झिरझिरीत थर. असा पाच थरांचा पापुद्रा निर्वात पात्रात तयार करायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे आणि शाईत मिसळायचे. स्वित्झर्लंडच्या सिक्पा कंपनीने ही शाई बाजारात आणली. १९८७ साली थायलंडच्या एका स्मारक नोटेवर ती पहिल्यांदा आली. अमेरिकेने १९९६ साली शंभर डॉलरच्या नोटेवर घेतली. आपल्याकडे २००० सालच्या अखेरीस पाचशे आणि हजाराच्या नोटांवर आली. नोट सपाट धरली की आकडा हिरवा, तिरपी केली की निळा. आजच्या पाचशेच्या नोटेवर हीच शाई आहे. अक्काच्या नोटेवर ती नव्हती.

हे वाचत असताना मला पुन्हा पुन्हा तेलगी आठवत होता. अब्दुल करीम तेलगी, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. २००१ साली त्याला अजमेरला पकडलं, आणि नंतरची दोन-तीन वर्षं मुद्रांक घोटाळ्याशिवाय वर्तमानपत्रात दुसरं काही नव्हतं. २००७ साली त्याला तीस वर्षं सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड झाला. २०१७ साली तो वारला. तपासात पुढे आलं ते असं की नाशिकच्या छापखान्यातली भंगारात काढलेली यंत्रं त्याने मिळवली होती, आणि आतली माणसंही त्याला सामील होती. त्या दिवसांत मी आमच्या घराचं खरेदीखत काढून खिडकीच्या उजेडात किती वेळा धरलं असेल! आमच्या आळीत प्रत्येकाने धरलं. अशोकस्तंभ दिसला की हायसं वाटायचं, आणि लगेच मनात यायचं, की यंत्रच खरं असेल तर दिसणाराच की.

'इजिप्त' बोटीतल्या नोटा आणि तेलगीचे मुद्रांक यांची मी मनात तुलना करतो. तिथे शाई खरी होती पण शब्द दिलेला नव्हता, म्हणून त्या नोटा पैसा झाल्या नाहीत. इथे शब्द कुणी दिलेलाच नव्हता आणि तरी मुद्रांक चालले, कारण ज्यांनी पहारा द्यायचा त्यांच्यातलेच काही फितूर झाले. शाईत युरोपियम घाला नाहीतर सोनं घाला, माणूस फुटला की शाई काय करणार?

आणि आता अक्काकडे येतो.

नोटेवरच्या खुणा तीन पायऱ्यांच्या असतात. पहिली सगळ्यांसाठी, डोळ्याला आणि बोटाला कळणारी. रंग बदलणारा आकडा, उठावाची छपाई, कडेच्या तिरप्या रेघा. दुसरी दुकानदारासाठी, निळ्या दिव्याखाली दिसणारी. तिसरी फक्त बँकेच्या यंत्रासाठी, जिची जाहिरात होत नाही. गेल्या काही दशकांत जी हुशारी वाढली, ती जास्त करून दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर वाढली. पण खोटी नोट बाजारात फिरते ती पहिल्या पायरीवरच्या माणसांमध्ये. आणि ती पकडली जाते तिसऱ्या पायरीवर. मधला तोटा कुणाचा? ज्याच्या हातात ती शेवटी असते त्याचा.

त्या दिवशी मी अक्काला म्हटलं, "दुसऱ्याला देऊ नका. जाणूनबुजून देणं गुन्हा आहे. आणि गुन्ह्याचं सोडा, तो दुसराही तुमच्यासारखाच कुणीतरी असेल." कांदेवाला म्हणाला, "गुरुजी, तुमचं काय जातंय बोलायला?" खरं होतं त्याचं. माझं काहीच जात नव्हतं.

सोमवारी मी तिच्याबरोबर बँकेत गेलो. खिडकीतल्या मुलाने नोट यंत्राखाली धरली, तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारला, वहीत नोंद केली आणि पावती दिली. नियमच तसा आहे. नोट जप्त होते, परत मिळत नाही आणि बदल्यात पैसेही मिळत नाहीत. एका वेळी चारपर्यंत नोटा असल्या तर बँक महिन्याचा एकत्र अहवाल पोलिसांना पाठवते, पाच किंवा जास्त असल्या तर लगेच गुन्हा नोंदवायचा असतो. मुलगा चांगला वागला, उगाच दरडावलं नाही. बाहेर आल्यावर अक्काने पावती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "ही पावती कशाची गुरुजी? माझ्या येडेपणाची?" मी खिशातून पाचशे रुपये काढले. तिने हात मागे घेतला. म्हणाली, "तुमी थोडीच छापली होती?" मग म्हणाली, "त्यापरीस मला बघायचं कसं ते शिकवा."

मी शिकवलं. नोट अशी तिरपी करा, आकडा बघा. बोट फिरवा, उठाव लागतो का बघा. तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि रंग बदलताना पाहून लहान मुलीसारखी हसली. मग बोट फिरवलं. म्हणाली, "मला काय बी लागंना. खुरपं धरून धरून बोटं घट्टावलीत." थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "अन् गुरुजी, सकाळी बघीन हो मी. पण संध्याकाळी ह्या पिवळ्या बल्बात, मागं चार गिऱ्हाइकं हुबी असताना, नोट हलवत बसले तर गिऱ्हाईक थांबतंय व्हय?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्यांनी ती शाई बनवली त्यांनी प्रकाश चांगला असेल, हातात वेळ असेल आणि बोटं मऊ असतील असं धरलं होतं. अंधांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२० साली 'मणी' नावाचं मोबाइलचं अ‍ॅप काढलं. ते नोट कितीची आहे ते बोलून सांगतं. पण खरी की खोटी, ते सांगत नाही.

अक्काने आता आपला मार्ग काढला आहे. पाचशेची नोट आली की पाटी शेजारणीवर सोडून ती समोरच्या किराणा दुकानात जाते आणि निळ्या दिव्याखाली धरून आणते. दुकानदार कधी नाही म्हणत नाही. शिवाय मुलाने तिच्या पाटीजवळ क्यूआर कोडची पाटी लावून दिली आहे, आणि पैसे आले की बोलणारा छोटा डबाही. गिऱ्हाइकाने मोबाइल दाखवला तरी ती मान्य करत नाही. डबा बोलला तरच मेथी हातात देते.

मागच्या आठवड्यात मी तिथे उभा होतो. डबा मोठ्याने म्हणाला, चाळीस रुपये आले. अक्काने समाधानाने मान हलवली. मला आमचे आजोबा आठवले, दगडावर रुपया टाकून कान लावणारे. पारख पुन्हा कानात आली खरी. फरक एवढाच की रुपया वाजायचा तो स्वतः साक्ष द्यायचा. डब्याच्या मागे कोण बोलतो ते अक्कालाही माहीत नाही आणि मलाही नाही.

असो. पुढच्या वेळी पाचशेची नोट हातात आली की ती एकदा तिरपी करून बघा. आणि खोटी निघाली तर ती तुमच्यापाशीच थांबू द्या.